गाडी काढण्याआधी ओट्याकडं बघ

पत्र

काकू, नमस्कार.

माझं वय ४१. शिरोली एमआयडीसीत एका फौंड्रीत सुपरवायझर आहे. जन्म कोल्हापुरात मंगळवार पेठेतला, आता फुलेवाडीत फ्लॅट घेतलाय. घरात आई (वय ७२, गुडघ्यांचा त्रास), बायको (पतसंस्थेत नोकरी), मुलगा नववीत, मुलगी दुसरीत. मला सुट्टी फक्त रविवारची. आमच्या वडलांनी आम्हाला कधी कुठं फिरायला नेलं नाही. खासबागेत कुस्त्या आणि चैत्रात जोतिबा, एवढंच. माझ्या पोरांचं तसं होऊ नये म्हणून कर्ज काढून गाडी घेतली. जमेल त्या रविवारी सगळ्यांना घेऊन बाहेर पडतो. गणपतीपुळे, आंबोली, महाबळेश्वर, विजयदुर्ग, सगळं दाखवलं. पण हल्ली कुणाला उत्साहच नाही. पोरगं मॅच आहे म्हणतं, पोरीला घाटात उलट्या होतात, आई गाडीतनं उतरतच नाही. गेल्या महिन्यात बायको म्हणाली, ‘तुम्ही जावा सगळी, मी झोपतो घरात.’ मला लई लागलं.

दुसरीकडं आमचं रस्सा मंडळ. महिन्यातनं एकदा चिखलीला मित्राच्या मळ्यात जमतात. रस्सा माझ्याच हातचा लागतो सगळ्यांना. पण घरच्यांसाठी मी बऱ्याच वेळा गेलो नाही, तर आता ‘बायकोचा बैल’ म्हणून चिडवतात. घर सांभाळू का मित्र? माझं चुकतंय कुठं?

– एक ड्रायव्हर बाप, फुलेवाडी

उत्तर

अरे, तुझ्या पत्रातलं सगळ्यांत शहाणं वाक्य तुझ्या बायकोचं आहे. ‘तुम्ही जावा सगळी, मी झोपतो घरात.’ तुला ते लागलं, कारण तुला वाटलं ती रुसली. मला वाटतं ती दमलीय. रुसलेली बाई एवढं सरळ बोलत नाही. ती गाडीत बसते आणि मलकापूर येईपर्यंत खिडकीबाहेर बघत राहते.

तू गाडीचं लिहिलंस, कर्जाचं लिहिलंस, ठिकाणांची नावं लिहिलीस. शनिवारी रात्री घरात काय चालतं, त्याची एक ओळ नाही. म्हणून मीच लिहिते, आणि काही कमी-जास्त असेल तर बायकोला विचारून भर घाल. पतसंस्थेतनं आल्यावर ती भाजी निवडत बसते, कारण बाहेरचं तेलकट-तिखट आईंना सोसत नाही. मग पाच जणांचे कपडे काढून ठेवते. पोरीचे दोन जोड जास्त, कारण घाटात काय होणार ते तिला ठाऊक असतं. पहाटे उठून चपात्या, सुकी भाजी, दहीभात, शेंगदाण्याची चटणी. आईंच्या गोळ्या, पाण्याच्या बाटल्या, रिकाम्या पिशव्या, लिंबू. तोवर तू खाली जाऊन गाडीची काच पुसलेली असतेस आणि दोनदा हॉर्न दिलेला असतोस. रात्री दहाला परत आल्यावर तू पाय लांब करून ‘आज लई ड्रायव्हिंग झालं’ म्हणतोस, ती डबे घासते, ओले कपडे भिजत टाकते, बॅगेतली वाळू झटकते आणि सोमवारच्या चार डब्यांची कणीक मळून फ्रिजमध्ये ठेवते. ह्यात तिचा रविवार कुठं आला, तूच दाखव मला.

तू वाईट माणूस आहेस असं मी म्हणत नाही. कर्ज काढून घरच्यांना फिरवणारा माणूस वाईट कसा असेल? पण तू सहल ठरवतोस ती फौंड्रीतली ऑर्डर काढल्यासारखी. माल किती, वेळ किती, डिलिव्हरी कुठं. घरातल्या पाच जणांना पाच वेगळ्या गोष्टी हव्यात, त्या सगळ्यांना एका गाडीत कोंबून एकाच समुद्रावर नेलं की कुणालाच काही मिळत नाही, आणि त्या कोंबण्याचं काम एकट्या बाईच्या अंगावर पडतं. तुझं चुकतंय ते इथं. सगळ्यांनी मिळूनच गेलं पाहिजे, हा हट्ट सोड.

तेव्हा येत्या रविवारी आई आणि दोन्ही पोरांना घेऊन बाहेर पड आणि बायकोला घरात राहू दे. चार तास घर तिचं एकटीचं. ती झोपली तर झोपू दे. टीव्हीसमोर बसून कालची भाकरी आणि दही खाल्लं तर खाऊ दे. मैत्रिणीला बोलावून दोघी गप्पा मारत बसल्या, नाहीतर महाद्वार रोडला काही न घेता नुसत्या हिंडून आल्या, तर आणखी चांगलं. परत आल्यावर ‘मग काय केलंस एवढा वेळ?’ असं विचारायचं नाही. त्या प्रश्नाला घरातल्या बायका फार घाबरतात, आणि उत्तर देता यावं म्हणून आधीच कपाट आवरायला घेतात.

तुझी आई बोलेल. शेजारचेही बोलतील, बायकोला घरात ठेवून हा हिंडतोय म्हणून. आईशी तू बोल. ‘मीच तिला थांब म्हटलंय’ एवढं एक वाक्य तुझ्या तोंडून गेलं की पुढचा आठवडाभराचा टोमणा वाचतो. हे सांगायचं काम बायकोवर टाकलंस तर तिनं घरी थांबून काही उपयोग नाही.

आता अंतराचं बोलू. गणपतीपुळं कोल्हापुरातनं दीडशे किलोमीटरच्या आसपास. जाऊन-येऊन तीनशे, आंबा घाट दोनदा, रविवारची गर्दी. सात-आठ तास तुम्ही गाडीत असता. समुद्रापाशी दोन-तीन तास, त्यात दर्शनाची रांग, त्यात जेवण, त्यात पोरीचे ओले कपडे. गाडी लिटरला पंधरा देत असेल तर वीस लिटर पेट्रोल, म्हणजे दोन हजारांच्या वर गेलेच. एवढं करून पोरीच्या लक्षात राहत असणार ती पुढच्या सीटच्या पाठीला अडकवलेली प्लॅस्टिकची पिशवी. कोकणात जाऊच नको असं नाही. वर्षातनं एकदा-दोनदा जा, मुक्काम करून जा, रजा टाकून जा. एका रविवारात समुद्र बसत नाही.

आणि तुझ्या वडलांबद्दल एक. ‘कधी कुठं नेलं नाही’ असं तू लिहितोस आणि पुढच्याच ओळीत खासबाग आणि जोतिबा लिहितोस. मग नेलं की रे त्यांनी! शाहू महाराजांनी उभारलेलं, १९१२ सालचं ते मैदान तुमच्या घरापासनं चालत जाण्याच्या अंतरावर. मधोमध खाली लाल माती आणि चारी बाजूंनी वर चढत गेलेली बसायची जागा, त्यामुळं सगळ्यांत मागं बसलेल्या पोरालाही डाव दिसतो. तिकीट काढून वडलांनी तुला तिथं बसवलं, कोण कुठल्या तालमीचा ते सांगितलं, शेंगा दिल्या असतील. वडलांबद्दल लिहायला बसलास तर पेनातनं पहिलं तेच उतरलं. तुझा पोरगा ४१ वर्षांचा झाल्यावर काय लिहील? आंबोलीचा धबधबा, का धबधब्याआधीच्या ट्रॅफिकमध्ये तू दिलेल्या शिव्या?

त्या पोराचंच घेऊ. ‘पोरगं मॅच आहे म्हणतं’ हे तू तक्रार म्हणून लिहिलंस. मंगळवार पेठेत जन्मलेल्या माणसानं! पाटाकडील, दिलबहार, शिवाजी तरुण, खंडोबा, प्रॅक्टिस, बालगोपाल ही फुटबॉल टीमची नावं घेतली की अर्ध्या गावात भांडण लागतं, आणि थंडी ते उन्हाळा शाहू स्टेडियमवर लोक भर दुपारच्या उन्हात डोक्यावर रुमाल टाकून बसतात. तुझा पोरगा कुठल्या टीमचा आहे, ठाऊक आहे का तुला? तो मॅच बघायला जातो का स्वतः खेळतो, हेसुद्धा पत्रात नाही. ते आज रात्री विचार. आणि एका रविवारी दुपारी त्याच्याबरोबर जा. त्याच्या मित्रांच्यात घुसायचं नाही. चार पायऱ्या वर बस. तो वळून बघेल तेव्हा फक्त हात कर. येताना दोघं कुठंतरी लोणी डोसा खा आणि तो गोल ऑफसाइड होता का नव्हता ह्यावर घरापर्यंत वाद घाला. त्या दिवशी दहावीच्या क्लासचा विषय काढायचा नाही. नववीतल्या पोराला बापाबरोबर एकटं बसायला मिळालं आणि बाप उपदेश करत नाहीये, एवढं त्याला पुरतं.

आई गाडीतनं उतरत नाही, म्हणजे तिला फिरायचं नाही असा अर्थ तू काढलास. तिला उतरायचं आहे, चढायचं नाही. ज्या ठिकाणी गाडीच्या दारापासनं बसायच्या जागेपर्यंत सपाट चाल आहे अशी ठिकाणं निवड. पन्हाळा वीस किलोमीटरवर, गाडी गडावरच जाते. जुलै २०२५ मध्ये तो युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेला, पण रविवारची गर्दी त्याच्या आधीही काही कमी नव्हती. म्हणून सहाला घर सोड. सातपर्यंत वर पोचलात की गड तुमचाच असतो. तबक उद्यानापाशी आईला बसव, पोरीला घेऊन सज्जाकोठीला जाऊन ये, खाली पसरलेलं सगळं दाखव. मग गडावरच्या बायकांच्या हातची झुणका-भाकर, खर्डा, दही. लोक अकराला वर यायला लागतात तेव्हा तुम्ही खाली उतरत असाल. दुपारच्या जेवणाला घरी. अख्खा रविवार अजून शिल्लक.

कणेरी मठाचं सिद्धगिरी म्युझियम पोरांच्या शाळेनं दाखवलं असेल. ते आजीबरोबर परत बघा. मोट, नांगर, लोहाराचा भाता, कुंभाराचं चाक, जात्यावर दळणाऱ्या बायका, सगळं माणसाएवढ्या पुतळ्यांत उभं केलंय. शाळेच्या सहलीत पोरं तिथनं पळत बाहेर येतात, कारण सांगायला कुणी नसतं. तुझ्या आईनं त्यातलं अर्धं तरी हातानं केलेलं असणार. मोटेचं पाणी थारोळ्यात कसं पडायचं, जात्यात एका वेळी किती दाणे टाकायचे, कुंभाराला पैशाऐवजी काय मिळायचं, हे ती सांगायला लागली की पोरगी मोबाइल मागायची नाही. गाडीत गप्प बसणारी म्हातारी तिथं एकटीच बोलेल, बघ. चालणं मात्र बरंच आहे. घाई करू नकोस. सावली दिसली की बसायचं, आणि अर्धं राहिलं तर राहू दे, म्युझियम कुठं पळून जात नाही.

आणि कधीतरी पूर्ण दिवस हाताशी असला तर खिद्रापूर. साठ-पासष्ट किलोमीटर, घाट नाही, उलट्या नाहीत. ऊस आणि रस्ता. शिलाहारांच्या काळातलं कोपेश्वराचं देऊळ. पुढचा स्वर्गमंडप वरनं गोल उघडा आहे, बरोबर खाली तेवढीच गोल शिळा, भोवती कोरीव खांब. भर दुपारीही तिथं दगड गार लागतो. मला विचारशील तर जिल्ह्यात एवढं सुंदर दुसरं काही नाही, आणि तरी लोक तिथं अर्धा तास थांबून ‘वाडीला जायचंय’ म्हणत निघतात. तुम्ही बसा. बाहेरनं देवळाच्या पायाशी हत्तींची रांग आहे, ती पोरीला मोजायला लाव. मोजून येईपर्यंत तुम्हा मायलेकांना निवांत मिळेल. शिवाचं देऊळ असून समोर नंदी नाही, हे तिनं स्वतः ओळखलं तर बघ, आणि का नाही ते आजीला सांगू दे. येताना नरसोबाची वाडी वाटेतच, बासुंदी आणि कवठाची बर्फी घेतल्याशिवाय कोण येतं? पण वाडीला नदीकाठी देवळापाशी उतरायला पायऱ्या आहेत. आईनं वरनंच हात जोडले तर जोडू दे. ‘एवढं आलोय तर उतर की’ म्हणून तिला ओढू नकोस.

पोरगी दुसरीत आहे, तिला अजून लांब-जवळ कळत नाही. तिला घेऊन एखाद्या संध्याकाळी गंगावेशीत जा, तिथं दूध कट्ट्यावर म्हैस समोर पिळून ग्लास हातात देतात. दूध पिशवीतनं येतं असं समजणाऱ्या पोरीला एवढं पुष्कळ आहे. टाऊन हॉलच्या म्युझियममध्ये ब्रह्मपुरीच्या टेकडीवर उत्खननात सापडलेली समुद्रदेव पोसायडनची एक वीतभर कांस्यमूर्ती आहे. समुद्र नसलेल्या गावात ग्रीकांचा समुद्रदेव कसा आला, ही गोष्ट तिला सांग. (सोमवारी ते बंद असतं, तुला तसंही रविवारच मोकळा.) आणि रंकाळा. रोज शिरोलीला जाता-येता तू रंकाळ्यावरनं जातोस. शेवटचा गाडी थांबवून कठड्यावर कधी बसलास? चौपाटीकडनं सूर्य थेट पाण्यात उतरताना दिसतो, पलीकडं शालिनी पॅलेस, भाजलेलं कणीस, ओली भेळ. फुलेवाडीतनं जाऊन-येऊन दीड तास. आईला कठड्यावर टेकायला जागा असते, आणि ओळखीची एखादी म्हातारी भेटली की तिची संध्याकाळ सोन्याची.

पावसाळ्यात तर ह्या गावाला फिरायला वेगळं ठिकाण लागत नाही. राजाराम बंधाऱ्याला किती फूट झालं, ३९ ला इशारा, ४३ ला धोका, हे इथलं शेंबडं पोरही सांगतं, आणि सगळं कुटुंब पाणी कुठवर आलंय ते बघायला निघतं. लांबनंच बघा आणि पोलिसांनी परत फिरवलं तर परत फिरा. राऊतवाडीच्या धबधब्याला रविवारी दुपारी पोरांना नेऊ नकोस. का ते तू तिथं एकदा गेला असशील तर मी सांगायला नको, नसशील तर बाटल्यांच्या काचा आणि शेवाळलेले दगड एवढं लक्षात ठेव. जायचंच तर सकाळी आठच्या आत.

आता मित्र. ‘घर का मित्र’ असा प्रश्न तू विचारलास, त्याच्याआधी तू एक ओळ लिहून गेलास: रस्सा माझ्याच हातचा लागतो सगळ्यांना. मी ती दोनदा वाचली. म्हणजे मळ्यात तीन दगडांची चूल मांडून, पाच-सात किलो मटणाला हळद-मीठ लावून, वाटण परतून, तांबडा वेगळा, पांढरा वेगळा, असं वीस-पंचवीस माणसांचं जेवण तू करतोस. आणि घरी? घरी रविवारी तू मटणाच्या दुकानासमोर रांगेत उभा राहतोस, पिशवी ओट्यावर ठेवतोस आणि पेपर उघडतोस. बरोबर? चिखलीच्या मळ्यात चालणारे हात फुलेवाडीच्या तिसऱ्या मजल्यावर का चालत नाहीत, ह्याचं उत्तर मला नको, बायकोला दे.

मंडळ सोडू नकोस. महिन्यातनं एकदा जाच. पुरुषमाणसाला बापाचा, नवऱ्याचा, सुपरवायझरचा अवतार उतरवून चार शिव्या हासडत चुलीपाशी बसायला जागा लागते. ती गेली की तो घरात विनाकारण ओरडायला लागतो. फक्त तारीख आठवडाभर आधी घरी सांगायची, सकाळी आठ वाजता चप्पल घालताना नाही. आणि परत येताना गाडी तुलाच चालवायची असते, एवढं लिहिलं की पुढचं तुला कळतं. ‘बायकोचा बैल’ म्हणणाऱ्यांचं फार मनावर घेऊ नकोस. तू गेला नाहीस म्हणजे रश्श्याला चव राहिली नाही, ते तसं कबूल करण्याऐवजी हे म्हणतात.

आणि त्या मळ्याचा दुसरा उपयोग करून घे. चिखली, वडणगे हा सगळा उसाचा पट्टा. दिवाळी झाली की आसपास कुठंतरी गुऱ्हाळ पेटलेलं असतंच, आणि मळेवाल्या मित्राची त्या मालकाशी ओळख नसेल असं होणार नाही. एक रविवार मंडळानं घरच्यांना घेऊन तिथं जमावं. चुलवाणात चिपाडं ढकलणारा माणूस, काहिलीत उकळणारा रस, वर येणारी मळी काढून टाकणं, पाक झाला का नाही ते गुळव्या पाण्यात थेंब टाकून बोटांनी बघतो तो क्षण, मग वाफ्यात ओतलेला सोनेरी गूळ. गरम गूळ शेंगदाण्याबरोबर, बाटलीत भरून घेतलेली काकवी. पोरगी शाळेत जाऊन सगळ्यांना सांगेल. लहान पोरांना काहिलीच्या आसपास मोकळं सोडायचं नाही, त्यासाठी मंडळातला एक माणूस नेमायचा आणि त्यानं खुर्चीवरनं उठायचं नाही. जेवण नेहमीप्रमाणं पुरुषांनी करायचं. पातेली पुरुषांनीच घासायची. बायकांनी लिंबूसुद्धा चिरायचं नाही. हा नियम तू आधीच ग्रुपवर टाक. दोन-तीन जण हसतील. पण मित्रांच्या बायकांना त्या दिवशी पहिल्यांदा एकमेकींशी धड बोलायला मिळेल, आणि पुढच्या वेळी त्याच विचारतील की कधी ठरवताय.

एक राहिलंच. बायकोला घेऊन, फक्त बायकोला घेऊन, तू शेवटचा कधी बाहेर पडलास? पत्रात तिचा उल्लेख आहे तो डाव्या बाजूच्या सीटवरची माणूस म्हणून. पोरं आजीजवळ ठेव, आजीला ते आवडेलच. देवल क्लबात गाणं असेल तर गाणं, शाहू स्मारकात चित्रांचं प्रदर्शन असेल तर ते, नाहीतर नुसता रंकाळ्याला एक फेरा. ‘पोरांचा विषय काढायचा नाही’ अशी अट वगैरे घालू नका. तोच निघणार, निघू दे. फक्त कुठं जायचं ते तिला ठरवू दे, आणि ‘तुम्हाला हवं तिथं’ म्हणाली तर तिथंच सोडून न देता परत एकदा विचार. इतके रविवार तूच ठरवलेस, एका फटक्यात तिला सुचणार नाही.

हे सगळं एका महिन्यात करायला जाऊ नकोस. वेळापत्रक करून फ्रिजला चिकटवू नकोस, घर म्हणजे फौंड्रीतली शिफ्ट नाही. एखादा रविवार कुणीच कुठं गेलं नाही, सगळे दुपारी पंखा लावून झोपले, तरी गाडीचा हप्ता वाया गेला असं मनात आणू नकोस.

येत्या रविवारपुरतं एवढंच कर. शनिवारी रात्री बायकोला सांग की उद्या सकाळी मी आईला आणि पोरांना घेऊन पन्हाळ्याला चाललोय, नाष्टा वरच करतो, तू उठू नकोस. पाण्याच्या बाटल्या तू भर, गोळ्यांची डबी तू घे, पोरीची वेणी घालता येत नसेल तर रबर लाव नि चल. येताना मटण घेऊन ये आणि पिशवी ओट्यावर ठेवून हात-पाय धुऊन स्वतः कांदा चिरायला बस. कांदा-लसूण चटणीची बरणी कुठल्या फळीवर आहे, खोबरं कुठल्या डब्यात, मोठं पातेलं कुठं, कुकरला किती शिट्ट्या, हे सगळं शनिवारीच बघून-विचारून ठेव. रविवारी तिला झोपेतनं उठवून विचारायचं नाही.